बोंबील, बास आणि महालक्ष्मीचं रेसकोर्स

पुण्यात ताजे बोंबील मिळत नाहीत. म्हणजे कॅम्पात, मंडईत मासळी भरपूर येते, पापलेट येतं, सुरमई येते, बर्फात ठेवलेले बोंबीलसुद्धा येतात, पण सकाळी होडीतून उतरलेला आणि दुपारी तव्यावर पडलेला जो बोंबील असतो ना, तो घाट चढून वर येत नाही. त्याच्या अंगात मांस कमी आणि पाणीच जास्त, त्यामुळे तो लगेच मऊ पडतो, हातात धरला तर तुटतो, आणि म्हणूनच किनाऱ्यावरची माणसं वर्षानुवर्षं तो बांबूच्या मांडवावर टांगून वाळवत आलीयेत. सुका बोंबील जगभर जातो. ताजा हवा असेल तर आपणच उठून मुंबईला जायचं.

रॉक कॉन्सर्टचं माझ्या मते अगदी हेच आहे. गाणी सगळी फोनमध्ये आहेत, चांगले हेडफोन आहेत, मोठमोठ्या स्टेडियममधल्या कार्यक्रमांचे व्हिडिओ घरच्या टीव्हीवर बघता येतात, आणि मी ते बघतेही, तासन्‌तास बघते. पण बास गिटारचा आवाज बरगड्यांमधून आत शिरतो तो अनुभव हेडफोनमध्ये नाही, आणि शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला तीच ओळ पाठ आहे जी आपल्याला पाठ आहे, हे कळण्याचा जो आनंद आहे तोही नाही. त्यासाठी जागेवर जायलाच लागतं.

तर १७ मे २०२५, शनिवार, महालक्ष्मी रेसकोर्स, गन्स एन रोझेस या अमेरिकन रॉक बँडचा कॉन्सर्ट. मी आणि माझा भाचा. तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, गिटार वाजवतो, कॉलेजच्या चार मित्रांबरोबर त्याचा बँड आहे. तिकिटं निघाली त्या दिवशी त्याचा फोन आला, "मावशी, तू येणारेस का, आई म्हणते मावशी असेल तर जा," आणि मी पुढचं काही ऐकायच्या आधीच हो म्हणून टाकलं.

या बँडचं आणि माझं नातं जुनं आहे. १९९१ च्या सप्टेंबरमध्ये त्यांचे दोन अल्बम एकाच दिवशी बाजारात आले होते, आणि साधारण त्याच सुमाराला आपल्याकडे घरांवर छत्र्या दिसायला लागल्या, केबल आली, केबलबरोबर एमटीव्ही आलं. मी शाळेत होते. आमच्याकडे केबल नव्हती, समोरच्या काकूंकडे होती, आणि त्यांच्या हॉलमध्ये जमिनीवर बसून मी पहिल्यांदा लांब केसांवर उंच काळी हॅट घातलेला तो माणूस गिटार वाजवताना बघितला. काकू पलीकडे गवार मोडत बसलेल्या असायच्या, त्यांनी एकदाही आवाज कमी कर म्हटलं नाही. मग कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून घेणं आलं, एक बाजू त्यांची, दुसऱ्या बाजूला ताईच्या पसंतीची भावगीतं, आणि टेपरेकॉर्डर एकच असल्यामुळे ताईला रॉक पाठ झालं आणि मला भावगीतं.

२०१२ च्या डिसेंबरमध्ये हाच बँड मुंबईत येऊन गेला होता, तेव्हा मी गेले नव्हते. त्यावेळी गायक ॲक्सल रोझ होता पण तो हॅटवाला गिटारिस्ट स्लॅश नव्हता, बास वाजवणारा डफ मॅकेगनही नव्हता. स्लॅशने १९९६ मध्ये बँड सोडला होता, आणि तो नि डफ परत आले ते थेट २०१६ मध्ये. मला ती गिटार त्याच माणसाच्या हातून ऐकायची होती, दुसरं कोणी कितीही हुबेहूब वाजवलं तरी नाही चालणार असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. म्हणून यावेळी हो म्हणायला क्षणभरही लागला नाही.

आता कॉन्सर्ट संध्याकाळचा, पण मुंबईला जायचं तर सकाळीच जायचं हे मी आधी ठरवून टाकलं. संध्याकाळी थेट मैदानावर टॅक्सीतून उतरायचं आणि संपल्यावर थेट परत, यात शहर कुठे आलं? भाच्याला सांगितलं, दिवसभर चालायचं आहे, बूट जुने घाल, आणि सकाळी भरपूर खाऊन निघू नकोस.

सव्वासातची डेक्कन क्वीन पकडली. ही गाडी १ जून १९३० ला सुरू झाली, अजूनही तिला डायनिंग कार आहे, टेबल-खुर्चीवर बसून खिडकीतून बाहेर बघत चीज टोस्ट खाता येतो, आणि शनिवार सकाळी तिथे जागा मिळाली की मला तरी बाकी काही नको असतं. खंडाळ्यानंतर गाडी सावकाश उतरायला लागते, बोगदे सुरू होतात. भोर घाटातली ही लाईन १८६३ ची. मे महिन्यात घाट सगळा करपलेला, पिवळा, पावसाळ्यात हिरवागार दिसतो तो हाच डोंगर का असं वाटावं इतका. कर्जतच्या पुढे हवा बदलली ती एसी डब्याचं दार उघडलं की लगेच कळायची, दमट, जड, अंगाला चिकटणारी.

भाचा रस्ताभर एकच अल्बम ऐकत होता, १९८७ चा, त्यांचा पहिला. त्याच्या जन्माच्या कितीतरी आधीचा. मी विचारलं, तुला यात काय आवडतं रे? म्हणाला, "मावशी, दोन गिटार वेगवेगळ्या बोलतात यात. एक कानात ठेवून दुसरा काढला ना की अर्धंच गाणं येतं." मी इतकी वर्षं ऐकतेय आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, कारण आमच्या टेपरेकॉर्डरला एकच स्पीकर होता! मग त्याचा एक इअरफोन मी घेतला, बदलापूर ते कल्याण उजवी गिटार, कल्याण ते ठाणे डावी.

दादरला उतरलो, फुलबाजाराच्या गर्दीतून वाट काढत गोखले रोडला आलो, प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पीयूष. पीयूष म्हणजे श्रीखंड आणि ताकाच्या मधलं काहीतरी, जायफळ-केशराचा वास, घट्ट, गार, आणि मे महिन्यात मुंबईत सकाळी साडेदहाला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. वडा बाहेरून कुरकुरीत आणि आत साबुदाणा दाणा न्‌ दाणा वेगळा, दाण्याचा कूट जाडसर. पुण्यातही साबुदाणा वडा चांगला मिळतो, मी नाही म्हणणार नाही, पण इथे टेबलावर चार अनोळखी माणसं एकत्र बसतात, कोणी कोणाला काही विचारत नाही, खाऊन झालं की लगेच उठतात कारण मागे माणसं उभी असतात, आणि त्या घाईतही वाढणारा दादा "चटणी अजून देऊ का" विचारून जातो, ते सगळं मला फार आवडतं.

तिथून लोकलने मरीन लाईन्स. मला भाच्याला एक जागा दाखवायची होती. धोबीतलावला, सेंट झेवियर्स कॉलेजच्या शेजारी, रंगभवन.

बाहेरून बघितलं तर काही नाही. बंद दार, भिंत, आतली झाडं. रस्त्यावरून जाणाऱ्या कोणाला सांगितलं की इथे काय काय वाजलंय तर खरं वाटणार नाही. उघड्यावरचं नाट्यगृह होतं हे. १९७८ मध्ये पहिली जाझ यात्रा, म्हणजे जाझ संगीताचा महोत्सव, इथे झाली. १९८० च्या मार्चमध्ये इंग्लंडचा द पोलीस हा बँड इथे वाजवून गेला, जेव्हा आपल्या देशात परदेशी रॉक बँड येणं ही गोष्टच कोणाच्या डोक्यात नव्हती. मग १९८६ पासून इंडिपेन्डन्स रॉक हा रॉक महोत्सव, सगळे त्याला आय-रॉक म्हणायचे, ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यदिनाच्या आसपास, देशभरातले बँड आपल्या आपल्या पैशाने ट्रेनमध्ये ड्रम घालून यायचे. मुंबईचा रॉक मशीन, जो पुढे इंडस क्रीड झाला, तो इथेच पोरांच्या गळ्यातला ताईत झाला. माझ्या ऑफिसमधले एक सीनियर आहेत, गिरगावातले, ते सांगतात की पावसात भिजत उभं राहायचं, चिखलात बूट रुतायचे, आणि संपल्यावर सगळे चालत स्टेशनला. काळे टी-शर्ट घातलेली शे-दोनशे पोरं एका लोकलमध्ये चढली की डब्यातले बाकीचे लोक जरा सरकून बसायचे, एवढंच.

बंद का पडलं? आवाजामुळे. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, हॉस्पिटल, शाळा-कॉलेज, कोर्ट यांच्यापासून १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरला. रंगभवनच्या एका बाजूला कॉलेज, जवळच कामा हॉस्पिटल, जीटी हॉस्पिटल. त्यामुळे इथले मोठ्या आवाजाचे कार्यक्रम थांबले. नियम बरोबर आहे, यावर माझं काही दुमत नाही. बाळंतीण झोपलीये आणि पलीकडे ड्रम वाजतायत, हे कोणालाच चालणार नाही. पण एक जागा नियमाने बंद केली तर तिच्या बदली दुसरी जागा द्यायची जबाबदारी कोणाची होती की नाही? नाटकाला नाट्यगृह लागतं हे आपल्याला पटतं, गावोगावी आपण ती बांधली, त्यांच्या दुरवस्थेवर भांडतो, पेपरात लिहितो. पोहायला तलाव लागतो, खेळायला मैदान लागतं. मग मोठ्या आवाजाच्या संगीतालासुद्धा एक कायमची, परवडणारी, स्टेशनपासून चालत जाता येईल अशी, आवाजाचा नीट विचार करून बांधलेली जागा लागते, हे पटायला काय अडचण आहे? आजही दीड-दोन कोटींच्या या शहरात रॉकसाठी अशी जागा नाही. बीकेसीच्या, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर मांडव घाला, क्रिकेटचं स्टेडियम घ्या, नाहीतर घोड्यांचं रेसकोर्स. २००८ च्या १ फेब्रुवारीला आयर्न मेडन या इंग्लंडच्या बँडने आपला जगाचा दौरा मुंबईतून सुरू केला, स्वतःचं बोइंग ७५७ विमान घेऊन, त्यांचा गायकच ते विमान चालवायचा, असला अफाट प्रकार, तोसुद्धा बीकेसीच्या मोकळ्या मैदानात. दुसऱ्या दिवशी तिथे काही उरत नाही. पुढच्या पोराला दाखवायला काही उरत नाही, की बघ, या पायऱ्यांवर आम्ही बसलो होतो.

भाचा दारापाशी उभा राहून फटीतून आत बघायचा प्रयत्न करत होता. मग म्हणाला, "केवढं असेल गं आत? आमच्या कॉलेजच्या ऑडिटोरियमएवढं?" तेवढं नाही सांगता आलं मला, मी कधी आत गेलेच नाही, मी पुण्यात होते आणि शाळेत होते. त्याने फोटो काढला आणि बँडच्या ग्रुपवर टाकला.

समोरच मेट्रो सिनेमाच्या नाक्यावर कयानी, १९०४ पासूनचं इराणी हॉटेल, चौकटीचे टेबलक्लॉथ, वळवलेल्या लाकडाच्या खुर्च्या. बनमस्का, चहा, मावा केक. तिथे बसून मला वाटत राहिलं की आय-रॉकच्या दिवसांत ती सगळी पोरं कार्यक्रमाच्या आधी इथेच बसत असणार, दुसरीकडे कुठे परवडणार होतं त्यांना. एक चहा, दोन बन आणि चार जण. स्वस्त खाणं आणि स्वस्त तिकीट, दोन्ही चालत जायच्या अंतरावर असलं की शहरात संगीत वाढतं. यातलं खाणं अजून टिकून आहे, त्याबद्दल मुंबईचे आभार मानायला हवेत.

दुपारी गिरगावात एका खानावळीत गेलो, नाव मुद्दाम सांगत नाही, आठ टेबलं आहेत आणि ती आधीच भरलेली असतात. मालकीणबाई स्वतः स्वयंपाकघरात. मी पाच मिनिटं दारात उभी राहून बघू का विचारलं, तर म्हणाल्या, "बघा की, त्यात काय लपवायचंय."

तर बोंबील असा करतात. डोकं, शेपूट काढून मधोमध चिरायचा आणि पुस्तकासारखा उघडायचा, मधला काटा काढून टाकायचा, तो काटासुद्धा मऊच असतो. मग मीठ लावून फळीवर ओळीने मांडायचे, वर दुसरी फळी, आणि त्याच्यावर वजन. या बाईंकडे वजन म्हणून पाटा ठेवलेला होता, वरवंट्यासकट. अर्धा-पाऊण तास तसंच. फळी तिरकी ठेवलेली, खाली परात, आणि परातीत पाणी ठिबकत राहतं, विश्वास बसणार नाही इतकं पाणी निघतं त्यातून. पाणी गेलं की मगच हळद, तिखट, आलं-लसूण, चिंचेचा कोळ किंवा कोकमाचं आगळ, आणि तांदळाच्या पिठात थोडा रवा घालून त्यात घोळवून तव्यावर. तळायचा नाही, शॅलो फ्राय, आणि उलटायचा एकदाच. घाई करून दाब न देता टाकला तर तव्यावर पाणी सुटतं, वरचं पीठ निघतं, आणि बोंबलाचा लगदा होतो. बाई म्हणाल्या, "लोक मसाल्याचं विचारतात, मसाल्यात काही नाही. वजन किती वेळ ठेवलं ते विचारा."

ताटात आला तेव्हा बाहेरून कडक आणि आत अक्षरशः लोण्यासारखं, जिभेवर ठेवला की गेलाच. बरोबर तांदळाची भाकरी, तिसऱ्यांचं सुकं, भात, सोलकढी. १ जूनपासून पावसाळ्यासाठी मासेमारी बंद होते, म्हणजे मे महिन्याच्या मध्यावर हे शेवटचेच दिवस. भाचा शाकाहारी घरातला, बाहेर चिकन खातो पण मासे कधी खाल्ले नव्हते. त्याने आधी अर्धा बोंबील घेतला. मग दोन प्लेट अजून मागवल्या आणि शेवटी स्वतःच म्हणाला, "हे पुण्यात का नाही मिळत?" मग मी त्याला वरचं सगळं पाण्याचं पुराण सांगितलं.

चर्नी रोडवरून महालक्ष्मी म्हणजे तीनच स्टेशनं. स्टेशनच्या पुलावर आलो की एका बाजूला धोबीघाट, वाळत घातलेल्या कपड्यांच्या रांगाच रांगा, आणि पलीकडे मैदानाच्या दिशेने चाललेली काळ्या टी-शर्टांची रांग. माझ्या वयाची माणसं खूप होती, हे बघून फार बरं वाटलं. जुन्या, विरलेल्या टी-शर्टातली, बायका, बाप-लेक, एक आजोबा तर चक्क कपाळाला लाल रुमाल बांधून, ॲक्सल बांधायचा तसा. कोणी नागपूरहून आलेलं, कोणी गोव्याहून, कोणी थेट गुवाहाटीहून. एक बाई म्हणाल्या की त्या मेट्रोने वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत आल्या आणि तिथून चालत, ती लाईन तिथवर सुरू होऊन आठवडाच झाला होता.

आता रेसकोर्सबद्दल एक सांगायलाच हवं, पुणेकर म्हणून. हे १८८३ पासूनचं मैदान. इथला शर्यतींचा सीझन साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, आणि पावसाळ्यात मुंबईचं मैदान चिखल होतं म्हणून घोडे पुण्याला येतात, जुलै ते ऑक्टोबर शर्यती पुण्याच्या रेसकोर्सवर, दोन्हीकडे क्लब एकच. म्हणजे शर्यतीसाठी घोडे घाट चढून वर येतात आणि गाण्यासाठी आम्ही घाट उतरून खाली जातो. भाच्याला हे सांगितल्यावर तो लगेच म्हणाला, मग पावसाळा सोडून आपल्या रेसकोर्सवर कॉन्सर्ट का नाही करत? बरोबर आहे प्रश्न.

खाण्यापिण्याचं एक बोलते आणि पुढे जाते. अशा मोठ्या कार्यक्रमांत हल्ली बाहेरची पाण्याची बाटली आत नेऊ देत नाहीत, आत जे मिळेल ते मिळेल त्या भावाने घ्यायचं. मे महिन्यातल्या मुंबईत, जिथे नुसतं उभं राहून माणूस घामाने निथळतो, तिथे पिण्याचं पाणी फुकट आणि जागोजागी असलंच पाहिजे, यात चर्चा करण्यासारखं काहीही नाही. सवाई गंधर्वला आपण सतरंजी, पाण्याची बाटली, डबा सगळं घेऊन जातो, बाहेर स्टॉलवर भजी खातो, परत येऊन बसतो. ऐकणाऱ्याला सुखात ठेवलं की तो जास्त चांगलं ऐकतो, हे कुठल्याही संगीताला लागू आहे.

आणि मग दिवे गेले.

पहिल्या काही सेकंदांत काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. गिटारचा पहिला सूर आला, त्याच्यावर थोडा लांबून येणारा तोच सूर परत ऐकू आला, आणि हजारो माणसांचा जो आवाज उठला त्यात बाकी सगळं बुडालं. माझ्या डोळ्यात पाणी होतं. भाचा ओरडत होता, मी ओरडत होते, शेजारचे लाल रुमालवाले आजोबा दोन्ही हात वर करून डोळे मिटून उभे होते.

थोडं स्थिरावल्यावर मी आवाजाकडे लक्ष द्यायला लागले, कारण भाच्याने दुपारीच शिकवणी घेतली होती. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे स्टेजपासून शंभर मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला ड्रमवर काठी पडलेली मोठ्या स्क्रीनवर आधी दिसते आणि आवाज पाव सेकंदानंतर येतो. म्हणून मैदानात मध्येमध्ये उंच खांबांवर स्पीकर लावतात, आणि त्यांच्यातला आवाज मुद्दाम उशिरा सोडतात, अगदी मोजून, म्हणजे स्टेजवरून निघालेला आवाज तिथे पोहोचेल त्याच क्षणी खांबावरचाही निघतो आणि कानाला दोन आवाज ऐकू येत नाहीत. आम्ही आधी जिथे उभे होतो तिथे हे जमत नव्हतं, सगळं जरा पसरट येत होतं. भाच्याने माझा हात धरला आणि गर्दीतून वाट काढत मला मधोमध, साउंडवाल्यांचा तंबू असतो त्याच्या थोडं पुढे नेऊन उभं केलं. तिथे सगळं एकदम उलगडलं! उजवी गिटार उजवीकडे, डावी डावीकडे, ट्रेनमध्ये ऐकलं होतं तसं, आणि मध्ये डफचा बास, जो ऐकू येण्याआधी पोटात कळायचा. ज्यांना जायचंय त्यांना माझा हाच सल्ला, अगदी पुढे घुसायच्या मागे लागू नका, साउंडच्या तंबूजवळ उभे राहा, जो माणूस आवाज जुळवतो तो तिथेच बसलेला असतो.

आणि कानात बोळे घाला. मेडिकलच्या दुकानात फोमचे मिळतात. ८५ डेसिबल आवाज आठ तास चालतो, पण पुढे प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. कॉन्सर्ट तर त्याच पातळीवर तास-दोन तास असतो. बोळे घातले की गाणं कमी होत नाही, फक्त कर्कशपणा जातो, शब्द उलट जास्त स्पष्ट कळतात. भाच्याला मी स्टेशनवरच दिले होते आणि त्याने कुरकुर न करता घातले, याचं मला फार कौतुक वाटलं, गिटार वाजवणाऱ्या पोराला कान आयुष्यभर पुरवायचे आहेत.

ॲक्सलच्या आवाजाबद्दल लोक खूप बोलतात. तो तेव्हा ६३ वर्षांचा होता, पंचविशीत ज्या पट्टीत किंचाळायचा ती पट्टी आता तशी लागत नाही, काही जागी आवाज पातळ होतो, हे मीही ऐकलं. पण आपल्याकडे आपण थोर गवयाला उतारवयात ऐकायला जातो तेव्हा काय म्हणतो? आवाज थकलाय पण गाणं आहे म्हणतो, आणि पुढे सरकून बसतो. तीच नजर मला इथेही हवी. ज्या क्षणी तो पियानोवर बसला आणि नोव्हेंबरच्या पावसाचं ते लांबलचक गाणं सुरू झालं, त्या क्षणी त्या गळ्यात जे होतं ते १९९१ च्या कॅसेटमध्ये नव्हतंच. आणि स्लॅश उभा राहिला, मान खाली, हॅटखाली चेहरा दिसत नाही, फक्त बोटं, आणि तो सोलो सुरू झाला. मला काकूंचा हॉल आठवला, मोडलेल्या गवारीचा वास आठवला. शेवटचा सूर त्याने इतका वेळ ओढून धरला की पूर्ण मैदान श्वास रोखून उभं होतं.

रात्री दहाला सगळं बंद, नियमच आहे. लोंढा स्टेशनकडे निघाला, आम्ही उलटं, चालत ताडदेवला. पावभाजी. गिरण्यांच्या पाळ्या सुटायच्या तेव्हा कामगारांना पटकन, पोटभर, स्वस्तात मिळेल असं खाणं म्हणून पावभाजी आली असं सांगतात. १९८२ च्या संपानंतर गिरण्या संपल्या, आजूबाजूला टॉवर उभे राहिले, पण मोठ्या तव्यावर बटाटा-टोमॅटो ठेचायचा तो खडखडाट रात्री उशिरापर्यंत चालूच असतो. कान अजून भरलेले होते, त्यातही तो तालात ऐकू येत होता, आणि भाचा टेबलावर बोटांनी त्याच्याशी जुळवून घेत होता. बटर इतकं की पाव बुडवला तर वर तरंगतो. आजूबाजूची निम्मी टेबलं काळ्या टी-शर्टांची. कोणीतरी एक ओळ म्हणायला सुरुवात केली आणि सगळ्या हॉटेलने ती पुरी केली, वेटरसकट.

दादरहून शिवनेरी मिळाली. भाचा झोपेल असं वाटलं होतं, पण तो बोलतच होता. त्यांच्या बँडला प्रॅक्टिसला जागा नाही. कॉलेज सहाला बंद होतं, ड्रमरच्या सोसायटीने नोटीस दिली, एका मित्राच्या गॅरेजमध्ये वाजवायचे तर शेजारचे आजारी पडले. स्टुडिओ तासाच्या हिशोबाने मिळतात पण ते खिशाला झेपत नाही. सबंध दिवस मी रंगभवनबद्दल बोलत होते, सरकारने जागा द्यायला हवी, पालिकेने द्यायला हवी, आणि माझ्या घराच्या गच्चीवर एक खोली सासूबाई गेल्यापासून रिकामी पडून आहे, जुने गाद्यांचे गठ्ठे भरून.

खालापूरच्या फूड मॉलला गाडी थांबली तेव्हा चहा घेता घेता आमचं सगळं ठरलं. अंड्यांचे ट्रे भिंतीला लावायचे नाहीत, त्याने खोलीतला घुमारा जरा कमी होतो पण आवाज बाहेर जायचा थांबत नाही, आवाज अडवायला जड वस्तूच लागते, तेव्हा त्या कापसाच्या जुन्या गाद्याच भिंतीला उभ्या करायच्या. दाराची फट रबराने बुजवायची. ड्रमखाली जाजम दुहेरी. खालच्या मजल्यावरच्या आजींना मी स्वतः जाऊन विचारेन, त्यांची दुपारची झोप चारपर्यंत असते. रविवारी साडेचार ते साडेसात, त्यानंतर नाही. भाच्याने तिथेच ग्रुपवर मेसेज टाकला, रात्री दीड वाजता चौघांची लगेच उत्तरं आली, आणि बासवाल्याने विचारलंय की मावशींकडे गिटारचा ॲम्प्लिफायर चालेल असा पंधरा ॲम्पिअरचा प्लग आहे का. आहे. गिझरसाठी काढलेला होता.